अकरांतला एकच आपला

खो-खोच्या मैदानात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पाटीवर बसलेले असतात, एकाआड एक, विरुद्ध दिशांना तोंडे करून. नववा समोरच्या संघातल्या पळतीच्या गड्याचा पाठलाग करत असतो. त्याने मागून येऊन बसलेल्याच्या पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी ‘खो’ म्हणायचे. खो मिळायच्या आधी उठला की फाऊल. उठल्यावर जी दिशा धरली ती खांबापर्यंत सोडायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना हे नियम पुस्तकातून शिकवावे लागत नाहीत. या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत गुवाहाटीला सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघातल्या अश्विनी शिंदे याही धाराशिवच्याच.

समजा, हाच खेळ उद्या कुणी मोबाईलवर आणायचा म्हटला. पहिल्याच पायरीवर प्रश्न उभा राहतो: खेळणाऱ्याच्या हाती फक्त दोन अंगठे आहेत, आणि मैदानात त्याचे नऊ गडी आहेत. मग बाकीचे आठ कोण चालवणार? खो दिला की अंगठ्याचा हुकूम त्याच क्षणी नव्या गड्याकडे जायला हवा. तो एक दशांश सेकंद उशिरा गेला तर पळतीचा निसटला. लवकर गेला तर गडी आधीच उठला आणि पंचांनी फाऊल दिला. ज्याने हा खेळ मातीवर कधी खेळला नाही, त्याला यातले काही खटकणार नाही. कळंब किंवा उमरग्याच्या शाळेत पाचवीपासून पाटीवर बसलेल्या मुलीला मात्र तो गेम दोन मिनिटांत नकोसा होईल.

अमेरिकन फुटबॉलचे व्हिडिओ गेम खेळणारे गेली तीन दशके नेमके याच कारणाने चिडलेले आहेत.

तो खेळ आपल्याकडे फारसे कुणी खेळत नाही. २०१२ च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया नावाचा एक प्रयोग झाला होता, त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघही होते, आणि त्यामागे माइक डिट्का, कर्ट वॉर्नर यांच्यासारखी अमेरिकेतली बडी नावे होती. प्रयोग रुजला नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये वाढलेल्या मराठी पोरांना मात्र हा खेळ आणि त्याचा गेम दोन्ही पाठ असतात. खेळ थोडक्यात असा: दोन्ही बाजूंना अकरा-अकरा जण, चेंडू लांबट, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. प्रत्येक प्रयत्न म्हणजे पाच-सात सेकंदांची झटापट. त्याआधी ठरवलेली चाल असते आणि त्या चालीत अकराही जणांना वेगवेगळे काम नेमून दिलेले असते. एकाने काम चुकवले की चाल फसते.

या खेळाचा सर्वांत गाजलेला गेम म्हणजे ‘मॅडन’. जॉन मॅडन हे ओकलंड रेडर्सचे प्रशिक्षक. त्यांच्या संघाने जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जिंकला होता. पुढे समालोचक म्हणून ते घरोघरी पोचले. विमानात बसायला ते नाखूष असत, देशभर रेल्वेने फिरत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स १९८४ साली त्यांना असेच रेल्वेच्या डब्यात भेटले आणि फुटबॉलच्या संगणकी खेळाची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. त्या काळच्या घरगुती संगणकांची ताकद पाहता एका बाजूला सहा-सात खेळाडू बसवणे शक्य होते. मॅडन यांनी सरळ नकार दिला: अकरा नसतील तर तो फुटबॉल नाही आणि आपले नाव त्याला मिळणार नाही. त्या हट्टापायी गेम रखडला. कंपनीतले लोक त्याला हॉकिन्सचा खुळेपणा म्हणून हसू लागले. अखेर १९८८ साली ‘ॲपल टू’ संगणकावर तो आला, अकरा विरुद्ध अकरा.

हट्ट योग्यच होता, पण दुखणेही त्यातूनच जन्मले. अकरांपैकी एक गडी खेळणाऱ्याचा, उरलेले दहा यंत्राचे. प्रतिस्पर्धीही यंत्रच असेल तर मैदानातल्या बावीसांपैकी एकवीस जण यंत्राच्या ताब्यात. तक्रारींची यादी काढली तर जवळपास सगळी या एकवीस जणांभोवती फिरते. आपला अडवणारा गडी समोरच्याला न अडवता बाजूने पळत जातो. चेंडू फेकला की प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू मागे वळूनही न बघता हवेत झेपावतो आणि तो हिसकावतो, जणू त्याच्या पाठीला डोळे आहेत. खेळणाऱ्याच्या मनात तेव्हा साधा विचार येतो, आणि तो बरोबरही असतो: मी चुकलो नाही, तरी हरलो.

दुसरी तक्रार हालचालींची. गेममधले खेळाडू बऱ्याचदा खऱ्या माणसांच्या अंगाला खुणा लावून चित्रित केलेल्या हालचालींच्या तुकड्यांवर चालतात. एकाने दुसऱ्याला पकडून पाडणे हा दोघांचा मिळून एकच तुकडा असतो. तो सुरू झाला की संपेपर्यंत बटणाला किंमत नाही. त्यामुळे दोन हात लांब असलेला बचावपटू लोहचुंबकासारखा ओढला जाऊन पळणाऱ्याला चिकटतो. यावर उपाय म्हणून २०१२ च्या ‘मॅडन एनएफएल १३’ मध्ये ‘इन्फिनिटी इंजिन’ आणले गेले. आता टकरींचा निकाल वजन, वेग आणि कोन यांच्या गणिताने लागणार होता. तो लागलाही. पण शिट्टी वाजल्यानंतर खाली पडलेल्यांच्या अंगावर पाय अडखळून बाकीचे धडपडू लागले, उठता उठता पुन्हा कोसळू लागले. लाखो लोकांनी त्या चित्रफिती हसत हसत पाहिल्या. ज्यांचा सामना त्या धडपडीत गेला त्यांना हसू आले नसणार.

आणि खरेपणा वाढवला की खेळणारा सुखावतो, असेही नाही. २००५ साली आलेल्या ‘मॅडन एनएफएल ०६’ मध्ये कंपनीने एक हुशारीची गोष्ट केली. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एका वेळी सगळे मैदान पाहू शकत नाही, हे खरेच आहे. म्हणून त्याच्या डोळ्यांतून निघणारा प्रकाशाचा एक शंकू मैदानावर दाखवला. शंकूत असलेल्या साथीदाराकडेच चेंडू नीट जाणार, बाहेरच्याकडे फेकला तर भरकटणार. अनुभवी क्वार्टरबॅकचा शंकू रुंद, पेटन मॅनिंगचा तर जवळपास अख्खे मैदान व्यापणारा. नवख्याचा अगदी चिंचोळा. कल्पना वास्तवाला धरून होती. तरी लोक वैतागले, कारण दोन सेकंदांत शंकू फिरवायचा, साथीदार हेरायचा, बटण दाबायचे आणि समोरून चाल करून येणाऱ्या राक्षसांपासून पळायचेही. शिवाय शंकू कुठे वळला हे पाहून प्रतिस्पर्धी मित्राला चेंडू कुठे जाणार तेही कळायचे. आधी तो नको असेल तर बंद करायची सोय होती, पुढच्या काही आवृत्त्यांत तो गेलाच. खऱ्या क्वार्टरबॅकला नजर फिरवण्यासाठी बटण दाबावे लागत नाही, एवढी साधी गोष्ट त्या रचनेत निसटली होती.

उलट बाजूचे उदाहरण मायकल व्हिक याचे. ‘मॅडन एनएफएल २००४’ च्या वेष्टनावर हाच होता. क्वार्टरबॅक असून तो प्रत्यक्षातही विलक्षण वेगवान. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला वेग, ताकद, नेम अशा गुणांचे आकडे दिलेले असतात, आणि व्हिकच्या वेगाचा आकडा इतका वर ठेवला गेला की त्याला घेऊन कुणीही बाजूने पळत सुटले की बचाव कोलमडायचा. मित्रांच्या घरी खेळताना ‘व्हिक घ्यायचा नाही’ असे करार होऊ लागले. त्याआधी १९९१ च्या ‘टेक्मो सुपर बोल’ मध्ये बो जॅक्सन या खेळाडूने हेच केले होते. या दोघांची नावे आजही त्या पिढीतल्या लोकांना खेळातल्या पराक्रमापेक्षा गेममधल्या पराक्रमामुळे जास्त आठवतात.

मराठी घरांत ही कहाणी क्रिकेटच्या रूपाने आली. ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आला, कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने तो बनवला होता, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा (ईए) तो शेवटचा क्रिकेट गेम ठरला. परवाने मुख्यतः इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे. ॲशेस मालिकेच्या तोंडावर तो आणला होता. त्यामुळे भारताच्या संघात खऱ्या खेळाडूंची खरी नावेच नव्हती. चाहत्यांनी ती आपापली दुरुस्त केली, नवे गणवेश चढवले, नव्या स्पर्धा घातल्या. जुन्या संगणकावरही चालतो म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सायबर कॅफेंत आणि होस्टेलांत तो पुढे कित्येक वर्षे खेळला गेला. त्यातही खोट होतीच. एखादा फटका कोणत्या चेंडूवर हमखास सीमापार जातो, हे एकदा सापडले की पन्नास षटकांचा सामना उरत नसे. अमेरिकन पोरांनी व्हिकवर घातली तशीच बंदी मग इथे त्या फटक्यावर येई. मॅच सुरू होण्याआधी ‘तो शॉट नाही मारायचा’ हे ठरवून घ्यावे लागे.

क्रिकेट गेमच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा फजितवाडा मात्र ‘ॲशेस क्रिकेट २०१३’ चा. उन्हाळ्यात येणारा गेम लांबत लांबत नोव्हेंबरवर गेला आणि संगणकांसाठी विक्रीला आला. क्षेत्ररक्षक भलतीकडे पळत होते, चेंडू त्यांच्या हातापाशी येऊनही ते ढिम्म उभे राहत होते. काही दिवसांतच ५०५ गेम्स या प्रकाशक कंपनीला तो मागे घ्यावा लागला. तिने माफी मागितली, पैसे परत केले आणि इतर यंत्रांसाठीच्या आवृत्त्या रद्द केल्या. कंपनीने दिलेले कारण वाचण्यासारखे आहे: क्रिकेटचे गेम बनवण्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव असलेल्या निर्मात्यांनाही निवडलेल्या गेम इंजिनाने निर्माण केलेल्या अडचणींवर मात करता आली नाही. क्रिकेटमध्ये दिसायला फक्त दोघे खेळतात, एक टाकणारा, एक मारणारा. उरलेले दहा जण हात मागे बांधून उभे. पण त्या दहांनी कधी धावायचे, कुणी चेंडू उचलायचा, कुणी यष्टींमागे जायचे, हे गल्लीतल्या पोरालाही न सांगता कळते, आणि यंत्राला प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते. खो-खोत तर आठ जण बसलेले असतात म्हणून ते सोपे वाटेल. प्रत्यक्षात कुणाला खो मिळणार हे ओळखून बसलेली मुलगी अंगात आधीच ताण धरून असते, आणि पळतीला हूल द्यायची तर कुणाला खो देणार हे शेवटच्या क्षणापर्यंत लपवावे लागते. हे बसणे यंत्राला शिकवणे पळण्यापेक्षा अवघड जाईल.

आता फोन. मोबाईलवरच्या क्रिकेट गेममध्ये महाराष्ट्राचा हिस्सा मोठा आहे. ‘रिअल क्रिकेट’ ही मालिका काढणारी नॉटिलस मोबाईल ही कंपनी २०१३ ची. पुढे ती पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे गेली आणि २०२५ साली दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे ‘बीजीएमआय’ वाल्यांनी, तिच्यात निर्णायक हिस्सा घेतला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि असे गेम तालुक्याच्या गावांत पोचले. त्याबरोबर वैतागाचे नवे शब्दही आले: पिंग वाढला, लॅग मारतोय, फोन हँग झाला. हे शब्द रडीचे डाव म्हणून हसण्यावारी नेले जातात. त्यामागे मोजता येणारे भौतिकशास्त्र आहे.

ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. डोळ्याने पाहून बोट हलवायलाच माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. उरलेल्या वेळेतून फोनचा वाटा वजा करायचा. स्पर्श ओळखणे, गेमने त्याचा हिशेब करणे, नवे चित्र पडद्यावर उमटवणे, यात कित्येक मिलिसेकंद जातात. सामना ऑनलाइन असेल तर सर्व्हर कुठे आहे तेही बघावे लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर; जाऊन यायला केवळ प्रकाशालाच जवळपास ४० मिलिसेकंद हवेत. केबल सरळ जात नाही आणि वाटेत थांबे असतात, म्हणून खरा आकडा याहून मोठाच. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये आपली सर्व्हर केंद्रे मुंबईत सुरू केली, इतरांनीही पुढे तसेच केले, तेव्हा हा वेळ बराच कमी झाला. तरी टॉवरवर गर्दी झाली, किंवा वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी उतरली, की शंभर मिलिसेकंद सहज वाढतात. म्हणजे चेंडूच्या प्रवासाचा पाचवा हिस्सा गेला. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी निघाला तर तो फाऊल धरतात, कारण माणूस त्याहून लवकर प्रतिसाद देऊच शकत नाही असे मानले जाते. जगातल्या अव्वल धावपटूंच्या बाबतीत जो वेळ पंच मोजतात, तेवढा गावातला फोन न सांगता खाऊन टाकतो.

मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा वाटा वेगळाच. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. फोनचा प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा गेम ४० वर येतो. दोन चित्रांमधले अंतर १७ मिलिसेकंदांवरून २५ वर जाते. सकाळी जमलेला फटका दुपारी जमत नाही. खेळणारा म्हणतो, आज गेमनेच हरवले. तो म्हणतो ते बऱ्याच अंशी खरे असते.

मग संशय येतो की सगळेच ठरवून चालले आहे. ‘सेटिंग आहे रे’, हे वाक्य पत्त्यांच्या डावापासून ऑनलाइन सामन्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. गंमत अशी की एका गाजलेल्या गेममध्ये सेटिंग खरोखरच होते. १९९३ च्या ‘एनबीए जॅम’ या बास्केटबॉल गेमचे रचनाकार मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्सचे चाहते होते, आणि त्या काळी शिकागो बुल्सशी पिस्टन्सचे हाडवैर. टर्मेल यांनी प्रोग्राममध्ये गुपचूप अशी तरतूद केली की या दोन संघांचा सामना अटीतटीला आला की शेवटच्या क्षणी बुल्सने मारलेला चेंडू जाळीत जायचा नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी हे उघडपणे सांगितले. गेम बनवला जात होता तो शिकागोमध्येच, हे विशेष. या गेममध्ये मागे पडलेल्याला यंत्राने हात देण्याची उघड सोयही होती, आणि हवी असल्यास ती बंद करता येत असे. फसवणूक ती नव्हे. फसवणूक ती, जी पडद्यावर लिहिलेली नव्हती.

पण पडद्यावर जे लिहिले ते जसेच्या तसे पाळले तरी माणूस चिडतोच. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचे जनक सिड मायर यांनी मार्च २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपला अनुभव सांगितला. लढाईत तीनास एक असे पारडे जड असताना खेळणारा हरला की तक्रार करतो. संभाव्यतेनुसार चारांतून एकदा हे होणारच, हे त्याला पटत नाही. आणि हाच खेळणारा एकास तीन अशा कमकुवत बाजूला असताना जिंकला तर? तेव्हा तो आपल्या डावपेचांना दाद देतो. मायर यांच्या चमूने शेवटी आकडेमोडच बदलली. लागोपाठ पराभव आले की पुढच्या वेळी खेळणाऱ्याच्या बाजूने थोडे झुकते माप दिले. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेने २००२ पासून अशीच युक्ती वापरली. नेम लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवली की आतून ती ९८ च्या आसपास असते. गणित खोटे ठरवून खेळणाऱ्याला ते खरे वाटावे, अशी ही व्यवस्था.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सवर जेव्हा असा संशय आला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. खेळणाऱ्याच्या कामगिरीनुसार गेम आपोआप सोपा किंवा कठीण करण्याच्या पद्धतीचे पेटंट कंपनीने मागितले होते. तिच्या संशोधकांनी २०१७ साली एका जुळवाजुळवीच्या मोबाईल गेमवर केलेला प्रयोगही प्रसिद्ध केला होता. अशा फेरबदलाने लोकांचा खेळण्यातला सहभाग ९ टक्क्यांपर्यंत वाढला, असे त्यात म्हटले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात तिघांनी दावा लावला की फिफा, मॅडन आणि आइस हॉकीच्या गेममध्ये हीच क्लृप्ती वापरून लोकांना खेळाडूंची पाकिटे, ज्यांत कोण निघेल ते नशिबावर, विकत घ्यायला लावले जाते. कंपनीने तांत्रिक तपशील दिला, अभियंत्यांशी बोलू दिले, आणि २०२१ साली वादींनी दावा मागे घेतला. हे वाचूनही ‘सेटिंग’ म्हणणे ज्यांनी सोडले नाही त्यांना वेडे ठरवता येणार नाही. पाकिटे विकली जात होतीच. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा नशीब-पाकिटांना जुगार ठरवले आणि कंपनीने पुढच्याच वर्षी फिफामधली त्यांची विक्री तिथे थांबवली. पाकिटाशिवाय जिंकता येते हे मान्य. पण हरलेल्याला समोर पाकीट दिसत असेल तर त्याचे मन कुठे जाणार?

गेम खेळून मुले हिंसक होतात का, हा वाद वर्तमानपत्रांत अधूनमधून रंगतो. ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की, रॉचेस्टरचे रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेने त्यात वेगळा मुद्दा आणला. त्यांनी ‘हाफ-लाइफ २’ या बंदुकीच्या खेळाचे एक सौम्य रूप बनवले, ज्यात शत्रू मरत नव्हते, नाहीसे होत होते. इतर गेममध्ये नियंत्रणे मुद्दाम अडचणीची केली. रक्ताचा थेंब नसलेल्या ‘टेट्रिस’ चाही वापर केला. रागाचा संबंध दिसला तो नियंत्रण हातात न येण्याशी, ‘मला हे जमायला हवे होते’ या भावनेला बसलेल्या धक्क्याशी. पडद्यावर किती जण मेले याने फारसा फरक पडला नाही. फोन आपटणाऱ्या पोराला रागावणाऱ्या आईवडिलांनी त्याला एकदा विचारून पाहावे की तो कोणता गेम खेळत होता. बहुतेक वेळा उत्तर क्रिकेट किंवा फुटबॉल असेल.

एवढा राग असेल तर लोक दुसरा गेम का घेत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकन फुटबॉलच्या बाबतीत तोडीचा दुसरा गेमच उरला नाही. २००४ साली प्रतिस्पर्धी ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ फक्त १९.९९ डॉलरला बाजारात आला, आणि आजही कित्येक जाणकार त्याला या खेळाचा सर्वोत्तम गेम मानतात. मॅडनला आपली किंमत २९.९५ वर उतरवावी लागली. त्याच डिसेंबरमध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएलशी एकाधिकाराचा करार केला. खरे संघ, खरी नावे, खरी मैदाने आता एकाच कंपनीची. पुढच्या वर्षी मॅडनची किंमत पुन्हा ५० डॉलरच्या घरात गेली. त्यावर २००८ मध्ये लागलेला दावा २०१२ साली २ कोटी ७० लाख डॉलरवर मिटला. जुन्या यंत्रांवरच्या प्रत्येक प्रतीमागे ग्राहकाला ६.७९ डॉलर, नव्या यंत्रांवरच्या प्रतीमागे १.९५. महाविद्यालयीन फुटबॉलचा एकाधिकार काही वर्षे न घेण्याचे कंपनीने मान्य केले. एनएफएलचा करार मात्र तसाच राहिला.

मे २०२० मध्ये तो आणखी काही वर्षांसाठी वाढवल्याची घोषणा झाली. दोन महिन्यांत, संघ चालवण्याच्या ‘फ्रँचायझी’ विभागाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाल्याच्या रागातून सोशल मीडियावर मोहीम पेटली, आणि ऑगस्टमध्ये ‘मॅडन एनएफएल २१’ आल्यावर एनएफएलने कंपनीला सोडावे अशी हाकाटी झाली. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर खेळणाऱ्यांनी दिलेले गुण दहापैकी एकाच्याही खाली गेले. कंपनीने नमते घेऊन नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तीन टप्प्यांत सुधारणा आणल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०२२ च्या अखेरीस, ‘मॅडन एनएफएल २३’ मधल्या ऑनलाइन फ्रँचायझी लीगचा साठवलेला मजकूर कंपनीच्याच यंत्रणेत बिघडला. मित्रांनी मिळून महिनोन्‌महिने चालवलेल्या स्पर्धा त्यात होत्या. त्यांपैकी सुमारे ४० टक्केच परत मिळवता येतील, असे कंपनीने कळवले. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘मॅडन एनएफएल २४’ ठरल्याप्रमाणे बाजारात आला.